तळ्यातलं बदक आणि मेणवलीची म्हैस

आई, बाबा,

फोनवर फक्त "व्हर्माँटला गेले होते, मस्त झालं" एवढंच सांगितलं, कारण आई लगेच "रात्री एकटी गाडी चालवलीस का" वर गेली असती. तर आता सांगते, हो, एकटीच गेले. पहाटे चारला बॉस्टनहून निघाले, साडेसहाला वुडस्टॉकच्या पुढे.

तिथे पॉम्फ्रेट गावात स्लीपी हॉलो नावाचं एक फार्म आहे, इन्स्टावर इतकं फेमस की लोक सरळ त्यांच्या आवारात शिरून फोटो काढायला लागले, मग 2023 ला गावाने ऐन फॉल सीझनमध्ये तो रस्ताच बाहेरच्यांना बंद केला. बरोबरच केलं. मी तिकडे गेलेच नाही, आदल्या वर्षी एका आडरस्त्याला एक जुना बार्न बघून ठेवला होता आणि तिथल्या आजींना तेव्हाच विचारलं होतं. बार्न म्हणजे आपला गोठाच, पण दुमजली, खाली गाई आणि वर वैरण. छप्पर मधोमध बसलंय, लाल रंगाचे पोपडे निघालेत. तो लाल रंग पूर्वी जवसाच्या तेलात गंज मिसळून करायचे म्हणे, स्वस्तात. गाई आता नाहीत. समोर तळं आहे, गाईंना पाणी आणि कुठे आग लागलीच तर बंबाला.

बाबा, आता तुमच्यासाठी. हवा गारठलेली, पाणी त्यामानाने कोमट, त्यामुळे तळ्यावर धुकं नुसतं सरकत होतं. वारा शून्य. आणि मी काय करावं, पोलरायझर, म्हणजे लेन्सवरचा चकाकी कापणारा फिल्टर, काढायचा विसरले, फिरवला तर पाण्यातला बार्नच गायब! दोन मिनिटं कळेचना काय झालं. तो काढला, तर एक बदक आलं आणि बरोबर प्रतिबिंबाच्या मधून रेघ मारत गेलं, परत आलं, परत गेलं.

तेव्हा मला मेणवलीचा घाट आठवला. तुमचा याशिका कॅमेरा, रोलमध्ये दोनच फोटो उरलेले, आम्ही दोघं उन्हात उभे आणि तुम्ही म्हैस पाण्याबाहेर यायची वाट बघताय, आई मागून ओरडतेय "अहो काढा की, पोरं करपली". मी तेव्हा रडले होते ना? परवा थंडीत पाऊण तास उभी राहिले त्या बदकापायी, बोटं बधिर.

214 फोटो काढले, त्यातला एक बरा आलाय. त्याची मोठी प्रिंट कुरियर केलीये. कॅलेंडरच्या खिळ्याला लावू नका, वजनाने पडेल.

आई, तू विचारशीलच "यात तू कुठेस", तर नाहीये मी. पण उजव्या कोपऱ्यात पाण्यात एक लाल ठिपका दिसेल बघ, तो आपल्या गाडीचा मागचा दिवा, बंद करायचा राहिला. बाबांना तो आधी दिसणार.

तुमची,
छकुली