चित्राच्या समासाला कात्री लावू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरातील जुन्या तसबिरी आणि छापील चित्रे कशी जपावीत, याविषयीचा एक लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखामागचा हेतू चांगला आहे; परंतु पिवळ्या पडलेल्या कडा कापून चित्र लॅमिनेट करून घ्यावे, असा जो सल्ला त्यात दिला आहे, तो कोणी मनावर घेतला तर सहीच्या चित्रांचे कधीही भरून न येणारे नुकसान होईल, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छपाईच्या कामात उमेदीची सगळी वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर जुन्या मोटार शर्यतींची, सही असलेली छापील चित्रे जमवू लागलो. या चित्रांमध्ये खालच्या पांढऱ्या समासाचे मोल चित्राच्या बरोबरीचे असते. मर्यादित आवृत्तीच्या प्रतीवर चित्रकार शिसपेन्सिलीने सही करतो ती तिथेच. १२५/५०० असा, म्हणजे पाचशे प्रतींपैकी एकशे पंचविसावी प्रत असे सांगणारा आकडा लिहितो तोही तिथेच. आणि चित्रातली मोटार ज्याने चालवली त्या शर्यतपटूची सही घेतलेली असेल, तर तीही बहुधा त्याच पट्टीवर असते. ती दोन-तीन बोटे रुंदीची पट्टी गेली, तर त्या चित्रात आणि कॅलेंडरच्या पानात फरक उरत नाही.

हे मला स्वतःच्या नुकसानीतून कळले आहे. माझ्याकडे १ मे १९५५ रोजी इटलीत झालेल्या मिल्ले मिलिया शर्यतीचे एक चित्र होते. ब्रेशियाहून रोमला जाऊन पुन्हा ब्रेशियाला यायचे, असे सुमारे १,६०० किलोमीटरचे अंतर स्टर्लिंग मॉस याने मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआर मोटारीतून १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत कापले, आणि तेही नेहमीच्या वाहतुकीच्या रस्त्यांवरून, ताशी १५७ किलोमीटरच्या सरासरीने. शेजारी बसलेला पत्रकार डेनिस जेन्किन्सन वळणांची टिपणे लिहिलेली अठरा फुटी कागदाची गुंडाळी पुढे सरकवत होता आणि इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसल्यामुळे हाताच्या खुणांनी पुढचे वळण सांगत होता. मोटारीवरचा ७२२ हा आकडा म्हणजे ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली, ती वेळ. १९५७ च्या भीषण अपघातानंतर ही शर्यत त्या स्वरूपात बंदच झाली, त्यामुळे मॉसचा हा वेगाचा विक्रम पुढे कोणाला मोडता आला नाही. त्या चित्राच्या समासावर, डाव्या हाताला, खुद्द मॉसची पेन्सिलीतली सही होती.

ते चित्र मी शहरातील एका दुकानात फ्रेमसाठी दिले. चार दिवसांनी आणायला गेलो, तेव्हा चित्र चहूबाजूंनी कापून, हार्डबोर्डवर चिकटवून, काचेला अगदी भिडवून तयार होते. खालच्या पट्टीविषयी विचारले, तर कारागीर सरळ मनाने म्हणाला, "काका, खाली पेन्सिलीने कोणीतरी गिरगटलं होतं, तेवढं काढून टाकलं." केराची टोपली आदल्या दिवशीच रिकामी झाली होती. स्टर्लिंग मॉस १२ एप्रिल २०२० रोजी गेले; ती सही आता पुन्हा मिळणे नाही.

समास कापल्याने सही तर जातेच, शिवाय चित्र पारखण्याची सोयही जाते. १९३०च्या दशकात जिओ हॅम या फ्रेंच चित्रकाराने मोनाको ग्रां प्री या मोटार शर्यतीची जी भित्तिपत्रके केली, त्यांत त्याचे नाव चित्रातच आहे. ते चित्राबरोबर छापलेले असल्याने प्रत्येक प्रतीवर, अगदी अलीकडच्या नकलेवरही, सारखेच दिसते. त्याला हातची सही म्हणता येत नाही. तरीही 'सहीचे चित्र' म्हणून अशा नकला विकणारे भेटतात. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग धरले, की ऑफसेटवर छापलेल्या नकलेत चार रंगांच्या ठिपक्यांची फुले दिसतात. मूळच्या लिथो, म्हणजे शिळाछापाच्या, छपाईत ही फुले नसतात. खरी पेन्सिल कागद किंचित दाबते आणि चित्र तिरपे धरले की चमकते. ही तपासणी मोकळ्या, न कापलेल्या आणि लॅमिनेट न केलेल्या कागदावरच करता येते.

कापण्याची ही सवय आपल्याकडे जुनी आहे. मी पाहिलेल्या रवी वर्मा प्रेसच्या कितीतरी देवादिकांच्या चित्रांवरून छापखान्याचे नाव सांगणारी खालची ओळ फ्रेमच्या मापासाठी छाटलेली आहे. ज्या जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटांत येण्यापूर्वी छपाईच्या धंद्यात होते आणि ज्या शहरात पोस्टाची तिकिटे छापली जातात, तिथे तरी कागदाच्या कडेची किंमत सांगावी लागू नये. तिकिटाची दातेरी कड कापून ते अल्बममध्ये लावा, असा सल्ला कोणताही संग्राहक देणार नाही.

नाशिकच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी आणि कसर लागते, हे खरे आहे. परंतु त्यावर लॅमिनेशन हा उपाय नाही, कारण ते पुन्हा निघत नाही. चित्राच्या मागे आम्लमुक्त पुठ्ठा आणि पुढे तशाच पुठ्ठ्याची, मधोमध खिडकी कापलेली चौकट (माउंट) घालावी, म्हणजे काच आणि कागद यांच्यात जागा राहते, आणि चित्र ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा उन्हात टांगू नये. पेन्सिलीची सही प्रकाशाने उडत नाही. शर्यतपटूने स्केचपेनने केलेली सही मात्र उन्हात काही वर्षांत फिकी पडते. पिवळेपणा काढायचाच असेल, तर ते काम कागद-संवर्धकाचे आहे.

फ्रेम करणाऱ्या व्यावसायिकांना माझी विनंती आहे, की 'समास ठेवायचा की नाही' हा प्रश्न त्यांनी गिऱ्हाइकाला विचारावा आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे. वडिलांच्या माघारी घरातली चित्रे ज्यांच्या हाती येतात, त्यांनीही खालच्या पट्टीवरचे अक्षर आधी वाचावे. आपल्या पुरवणीच्या येत्या अंकात त्या सल्ल्याची दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक संग्राहक, नाशिकरोड