तपास कुठवर आला, एवढं तरी कळवा

न उलगडलेल्या खुनांवरचा तुमचा रविवारचा लेख वाचला, पटलाही, पण फाइल बंद झाल्यावर घरच्यांना कोणी काही सांगतच नाही हा मुद्दा राहिला. आमच्या गल्लीत एक मावशी आहेत, मुलाचा खून होऊन बारा वर्षं झाली, केस ‘अ समरी’त गेली. एफआयआरची झेरॉक्स दुधाच्या पिशवीत गुंडाळून देव्हाऱ्यामागे ठेवलीय, घडीवरची अक्षरं पुसलीत, तरी दर दिवाळीआधी ती घेऊन चौकीत जातात आणि उत्तर एकच, साहेब बदलले.

अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, नवा धागा मिळाला तर तपास पुन्हा होऊ शकतो, हेही त्यांना माझ्याकडूनच कळलं. डॉ. दाभोलकरांचा खून २०१३ चा, निकाल मे २०२४ मध्ये, तोही सगळं राज्य बघत असताना, मग मावशींच्या फाइलकडे कोण बघणार?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे ९० दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवायची आहे, मोबाइलवरही चालतं. जुन्या केसेसच्या घरी वर्षातून एक फोन करायला काय हरकत आहे?

— एक वाचक, पंचवटी, नाशिक