प्लगची केबल काढून पेट्रोल वाचत नाही

संपादक महोदय,

काही नव्या गाड्या हलक्या भाराला चारपैकी दोन सिलिंडर बंद ठेवतात, हे खरे. पण त्यावरून जुन्या गाडीची एखादी स्पार्क प्लगची केबल काढून पेट्रोल वाचवण्याचा सल्ला गॅरेजांत दिला जातो, तो घातक आहे.

पेट्रोल इंजिन हलक्या भाराला चालते तेव्हा थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जेमतेम उघडा असतो. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब वातावरणाच्या निम्म्याखाली जातो आणि हवा ओढताना प्रत्येक पिस्टनची ताकद वाया जाते. हाच पम्पिंग लॉस. दोन सिलिंडर थांबले की उरलेल्या दोघांसाठी थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, दाब वाढतो, ओढ हलकी होते. समृद्धी महामार्गावर एकसारख्या वेगात हे साधते. चिखलदऱ्याच्या चढावर चारही सिलिंडर लागतात.

मात्र त्यासाठी बंद सिलिंडरचे इनलेट (हवा आत घेणारे) आणि एक्झॉस्ट (धूर सोडणारे) दोन्ही व्हॉल्व्ह मिटावे लागतात. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.५ टीएसआय इंजिनात व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवरची स्लीव्ह सरकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडतच नाहीत. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी दबते नि बहुतेक ताकद परत देते. रिंगांचे घर्षण तेवढे उरते.

केबल काढली तर व्हॉल्व्ह उघडझाप करतच राहतात. इंजेक्टर पेट्रोल सोडतच असतो. ते न जळता धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतली जाळी वितळते. काही पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरते. इंजेक्टरच्या वायरचा प्लगही काढला, तर कोरी हवा धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत पोचते, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, वाटते आणि तो बाकीच्या सिलिंडरना जास्त पेट्रोल देतो. वाचवायला गेलो ते असे!

ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनात हवा अडवणारा थ्रॉटलच नसतो, मग पम्पिंग लॉस वाचणार कुठून? डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या पाइपचा नट क्षणभर ढिला करून आवाज पडतो का पाहणे, ही खराब सिलिंडर शोधायची तपासणी आहे. नट ढिला ठेवूनच शेत वखरायचे नसते. इंजिनचा वेग राखणारा गव्हर्नर उरलेल्या सिलिंडरना डिझेल वाढवतो, इंजिन थरथरते, काळा धूर येतो.

डिझेल वाचवायचे तर हलक्या वखरणीला वरचा गिअर टाकून रेस कमी ठेवावी. धूर काळा झाला की गिअर उतरवावा. फवारणीला मात्र हे चालत नाही, कारण पंपाला पीटीओचे (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याचे) ठरलेले फेरे लागतात.

– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ