आधी चाचणी, मग मोल्ड

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
नवी दिल्ली

विषय : विजेच्या खेळण्यांना आराखड्याच्या टप्प्यावरच चाचणीची सोय मिळण्याबाबत

महोदय,

खेळण्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची करणारा खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. तो सैल करा असे आमचे म्हणणे नाही. सीआर २०३२ सारखा बटण सेल मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजू शकते. सेलच्या झाकणाला स्क्रू हवाच. आमचे गाऱ्हाणे आहे ते चाचणी कधी होते याबद्दल.

मुळाक्षरे बोलणारा फळा घ्या. ४८ बटणे, प्रत्येकी दीड सेकंदाचा आवाज, एकूण ७२ सेकंद. ८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ८ हजार नमुने), प्रत्येक नमुना ४ बिटांत दाबून ठेवला तर सेकंदाला ४ किलोबाइट, म्हणजे २८८ किलोबाइट. ४ मेगाबिटची, म्हणजे ५१२ किलोबाइटची, फ्लॅश मेमरी चिप पुरते. पण ८ किलोहर्ट्झला ४ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज गळतो आणि ‘ससा’ हा ‘फफा’ ऐकू येतो. अक्षर शिकवणाऱ्या खेळण्यात हे चालणार कसे? १६ किलोहर्ट्झ घ्यावे लागतात, ५७६ किलोबाइट होतात, चिप ८ मेगाबिटची लागते. ही चूक निदान टेबलावरच कळते.

बाकीच्या चुका इतक्या लवकर कळत नाहीत. तीन ट्रिपल-ए सेलची क्षमता साधारण १००० मिलिअँपिअर-तास. झोपेतले सर्किट १ मिलिअँपिअर खात असेल तर ४१ दिवसांत सेल संपतात, तेही दुकानाच्या फळीवरच. १० मायक्रोअँपिअरच्या खाली उतरावे लागते. स्पीकर झटक्यात २००-३०० मिलिअँपिअर ओढतो. स्वस्तातल्या झिंक-कार्बन सेलचे व्होल्टेज कोसळते आणि ‘कमळ’ म्हणता म्हणता फळा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अँप्लिफायरला खेटून ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वीज साठवून झटक्याला पुरवणारा भाग) लावला की बहुतेक वेळा हे थांबते. मात्र त्याची उंची आधी धरली नसेल तर तो डब्यात मावत नाही.

खरी अडचण इथेच आहे. सर्किटच्या दोषांवरचे निम्मे उपाय प्लास्टिकमध्ये असतात. तीनपैकी एक सेल उलटा बसला की उरलेले दोन त्याला चार्ज करू लागतात; तो तापतो, गळतो. उपाय म्हणजे धन टोकाच्या पत्रीभोवती उंच कडा, उलट्या सेलचा सपाट तळ पत्रीला टेकूच नये म्हणून. कडा वाढवायला मोल्डचे, म्हणजे प्लास्टिक ओतायच्या साच्याचे, पोलाद कोरले की भागते. पण कपॅसिटरसाठी स्क्रूचा खांब सरकवायचा असेल तर जुनी जागा वेल्डिंगने भरून नव्याने कोरावी लागते. खेळणे पाडून पाहिल्यावर सेलच्या वजनाने झाकणाचा खांब तडकला, तरीही तेच. आयएस १५६४४ (विजेची खेळणी) आणि आयएस ९८७३ (सर्व खेळणी) या सुरक्षेच्या भारतीय मानकांच्या चाचण्यांना नमुना प्रत्यक्ष उत्पादनातला लागतो. म्हणजे पहिला खरा निकाल येतो तो मोल्डचे पैसे भरून झाल्यावर.

आयात शुल्क २० वरून ६० आणि पुढे ७० टक्के झाले. त्याने बाहेरचा माल अडला. इथला तडकलेला खांब त्याने दुरुस्त होत नाही.

विनंती एकच. टूल रूममध्ये (मोल्ड बनवणाऱ्या कार्यशाळेत) पूर्व-चाचणीचे एक टेबल द्यावे. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये मोल्ड बनतातच, सुरुवात तिथून करता येईल. ती संस्था सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची आहे हे ठाऊक आहे. पण गुणवत्ता आदेश आपल्या खात्याचा आहे, तेव्हा पुढाकारही आपणच घ्यावा. लागणारे सामान मोजके : करंट मर्यादित करता येणारा पॉवर सप्लाय, मायक्रोअँपिअर मोजणारा मीटर, तापमान नोंदवणारे थर्मोकपल, आवाज मापक, ओढ मोजणारा काटा, ३१.७ मिलिमीटर व्यासाची लहान भागांची नळी आणि खेळणे पाडून बघण्यासाठी कठीण जमीन.

नमुना थ्रीडी प्रिंटचा असला तर पाडण्याचा निकाल फसवा येतो, तो थरांच्या सांध्यातच फुटतो. त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या कच्च्या मोल्डमधून एबीएस प्लास्टिकचे ५० नग काढून देण्याची सोयही तिथेच असावी. विजेची बाजू मात्र प्रिंटवरही तपासता येते.

शुल्क तासावर आकारावे. अहवालावर शिक्का नसला तरी चालेल, आकडे लिहून मिळाले तरी पुरे.

आपले,
खेळण्यांची सर्किटे आखणारे काही अभियंते