त्याच उतारावर, डिसेंबर ते मे

ती. आई व बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, गेल्या आठवड्यात फोनवर तू विचारलेस, की सहा वर्षांच्या पोराला घेऊन दर महिन्याला त्या बर्फात कशाला जाता. मी तेव्हा "काही होत नाही गं" एवढेच म्हणाले आणि फोन ठेवल्यावर ते उत्तर मलाच अपुरे वाटले. तुझी काळजी खरी आहे, तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवे.

आम्ही जातो ती जागा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियर या ४,३९२ मीटर उंचीच्या, हिमनद्या अंगावर वागवणाऱ्या ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावर आहे. तिचे नाव पॅराडाइज, उंची सुमारे १,६५० मीटर. तिथे वर्षाला सरासरी सोळा मीटरच्या आसपास बर्फ पडतो. १९७१-७२ च्या मोसमात तर तो २८.५ मीटर पडला आणि तो त्या काळी जागतिक विक्रम ठरला. पडलेला बर्फ स्वतःच्याच वजनाने दबत जातो, त्यामुळे हिवाळा संपताना जमिनीवर चार मीटरांच्या आसपास थर उरतो. उन्हाळ्यात जिथे फुलांची कुरणे असतात, त्यांच्या कितीतरी वरून आपण चालत असतो. डिसेंबरात धाकट्याने विचारले, की वाट कुठे आहे. ती तुझ्या पायाखाली पुरुषभर खोल आहे, असे सांगितल्यावर तो बराच वेळ खाली बघत उभा राहिला.

एवढ्या बर्फात नुसत्या बुटांनी चालू लागले तर प्रत्येक पावलाला पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत रुततो. त्यासाठी बुटांखाली बांधायचे रुंद तळ, म्हणजे स्नोशू असतात. पूर्वी उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी लाकडाची चौकट वाकवून त्यावर कच्च्या कातड्याच्या पट्ट्यांची जाळी विणत. आताच्या स्नोशूंची चौकट ॲल्युमिनियमची असते किंवा सगळाच तळ प्लास्टिकचा असतो, आणि खाली धातूचे दात असतात. अंगाचे वजन मोठ्या तळावर पसरल्यामुळे पाय थोडासाच दबतो. बूट पुढच्या बाजूला पट्ट्यांनी बांधलेला असतो आणि टाच मोकळी उचलली जाते. पाय किंचित फाकवून चालावे लागते, नाहीतर एका स्नोशूवर दुसरा पडतो. मागे पाऊल टाकायला गेले तर स्नोशूचे मागचे टोक बर्फात रुतते आणि माणूस पडतो, म्हणून वळायचे तेव्हा अर्धवर्तुळ काढून वळावे. मुले हे सारे अर्ध्या तासात शिकली. कोऱ्या बर्फात सर्वांत पुढे चालणाऱ्याला फार श्रम पडतात, म्हणून ते काम तुमचे जावई आणि मी आळीपाळीने करतो; मुले आमच्या ठशांतून येतात आणि वेग मात्र धाकट्याचाच असतो.

बाबांना रस्त्याची चिंता होती. १ नोव्हेंबर ते १ मे या काळात प्रत्येक गाडीत टायरच्या साखळ्या असल्याच पाहिजेत, असा माउंट रेनियर राष्ट्रीय उद्यानाचा नियम आहे. पॅराडाइजच्या खाली, लाँगमायर येथे असलेले फाटक हिवाळ्यात रात्री बंद असते आणि सकाळी वरचा रस्ता यंत्रांनी मोकळा झाल्यावरच उघडते. एखाद्या दिवशी ते उघडले नाही तर आम्ही लाँगमायरच्या जंगलातच फिरतो.

खरी भीती हिमस्खलनाची असते, आणि त्या बाबतीत आम्ही कोणाच्याही अंदाजावर विसंबत नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वांत घातक, म्हणून मुलांसह तसल्या उतारावर आम्ही जात नाही आणि त्यांच्या पायथ्यालाही थांबत नाही, कारण वरून सुटलेला बर्फ सपाटीवरही येतो. या प्रदेशासाठी हिमस्खलनाची सूचना हिवाळ्यात रोज प्रसिद्ध होते. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात आणि तिसरी किंवा त्यावरची पायरी असली तर आम्ही वर जातच नाही. झाडाच्या बुंध्याजवळही मुलांना जाऊ देत नाही, कारण फांद्यांच्या आडोशाने तिथे बर्फ पोकळ राहतो आणि माणूस त्या खळग्यात उलटा जाऊ शकतो.

जानेवारीत आम्ही निस्क्वाली व्हिस्टा या जेमतेम दोन किलोमीटरांच्या फेरीवर होतो. तिच्या टोकाशी निस्क्वाली हिमनदी दिसते आणि थोरलीने ती पाहण्याचा ध्यास घेतला होता. अर्ध्या वाटेवर ढग खाली आले. आकाश आणि बर्फ यांचा रंग इतका एक झाला, की सपाटीवरही चढ आहे की उतार हे कळेना, आणि धाकटा उभ्या उभ्या तोल जाऊन पडू लागला. त्याचे हातमोजेही ओले झाले होते. आम्ही तिथूनच मागे फिरलो. थोरली खूप रडली, आणि हिमनदी पन्नास पावलांवर असती तरीही आपण फिरलोच असतो, हे तिला समजावताना मलाही जड गेले. येताना आमचेच ठसे भुरभुरत्या बर्फाने निम्मे बुजले होते. त्या दिवसापासून परतण्याची वेळ आम्ही निघण्यापूर्वीच ठरवतो आणि घड्याळ थोरलीच्या हाती असते.

मार्चच्या निरभ्र दिवशी ती हिमनदी दिसली. निळसर भेगांची, वाटली होती त्याहून कितीतरी मोठी. परतताना थोरलीला सशाच्या उड्यांचे ठसे सापडले. मोठे मागचे पाय पुढे आणि लहान पुढचे पाय मागे उमटलेले पाहून ससा नेमका कुठल्या दिशेने गेला, यावर दोघांनी बराच काथ्याकूट केला. आता थंडीपेक्षा उन्हाची काळजी अधिक, कारण ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण वर फेकतो. गडद चष्मे सक्तीचे, आणि मलम हनुवटीखाली व नाकाच्या आतल्या कडेलाही लावायचे.

एप्रिलमध्ये मला या डोंगराचे सर्वांत नवल वाटते. लाँगमायरला, म्हणजे सुमारे ८४० मीटरवर, उंच सूचिपर्णी झाडांच्या सावलीत ट्रिलियमची तीन पाकळ्यांची पांढरी फुले उमलू लागतात, आणि गाडीने अर्ध्या तासावर, वर पॅराडाइजला, वर्षातला सर्वांत जाड बर्फ त्याच दिवसांत असतो. वसंत तिथे पायी चढत जातो आणि वर पोचायला त्याला जुलै उजाडतो.

मे महिन्यात रात्री गोठणारा आणि दिवसा वितळणारा बर्फ जाड्या मिठासारखा रवाळ होतो. सकाळी त्यावर चालणे सुखाचे. दुपारी तोच भिजून ढिला होतो आणि ओल्या हिमस्खलनाचा धोका वाढतो, म्हणून आम्ही पहाटे निघून अकराच्या आत खाली उतरतो. जिथे बर्फ विरळ होऊन गवत डोकावते, तिथे पाय ठेवायचा नाही, कारण त्या रोपट्यांना वाढायला मोजकेच आठवडे मिळतात. हा नियम आता मुलेच आम्हाला बजावतात.

परवाच्या रविवारी बर्फाखालून पाण्याचा आवाज येत होता. अचानक वरच्या बाजूने लांब शीळ ऐकू आली. बर्फातल्या एका मळक्या भोकाशी एक करडा मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातला जाडजूड प्राणी, उभा होता, सात-आठ महिने झोपून नुकताच वर आलेला. धाकटा माझा हात घट्ट धरून कुजबुजला, "आई, याला आजीला दाखवायचं होतं." म्हणून त्याने काढलेले चित्र सोबत पाठवत आहे. भोकाजवळची चार माणसे म्हणजे आम्ही.

तुमची,
लेक