मा. शिक्षणमंत्री, नववीच्या मुलांना वर्गात घरच्या भाषेत बोलू द्या

माननीय शिक्षणमंत्री,
गोवा राज्य

सप्रेम नमस्कार.

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये इंटर्नशिप करतेय, म्हणजे सकाळी लेसन घ्यायचे, रिकाम्या तासाला मागच्या बाकावर बसून सिनियर टीचरांचे वर्ग बघायचे आणि रात्री दुसऱ्या दिवसाचा लेसन प्लॅन लिहायचा. शाळेत सोयी नाहीत असं मी म्हणणार नाही. वर्गात स्मार्टबोर्ड आहे, सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स आहे आणि मुलं ते मनापासून करतात. नववीला नवीन शैक्षणिक धोरणही आलं. मला बोलायचंय ते वर्गातल्या शांततेबद्दल.

आमच्याकडे बहुतेक सरकारी प्रायमरी शाळा मराठी नाहीतर कोंकणी. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या म्हणून आमच्या आजीच्या पिढीतल्या बायकासुद्धा वाचायला शिकल्या. पण चौथीपर्यंत या भाषांत शिकलेलं मूल पाचवीत आलं की गणित, सायन्स, इतिहास सगळं एकदम इंग्लिशमधून, मधे पूल असा काही नाहीच. मग ते मूल गप्प बसायला शिकतं आणि नववीपर्यंत त्याची इतकी सवय होते की टीचरांनाही वाटायला लागतं, याला काही येतच नाही.

नववीला मी बाष्पीभवन शिकवलं. इंग्लिशमधून, अ‍ॅनिमेशन लावून, व्यवस्थित. बाष्पीभवनाचा वेग कशाकशावर अवलंबून असतो विचारलं तर पहिल्या बाकावरचे नेहमीचे हात वर, बाकी वर्ग खाली बघतोय. मग मी घरच्या भाषेत विचारलं, आगरवाड्याला मिठागरं आहेत ना, तिथे पाणी कसं आटतं? मागचा एक मुलगा, जो तोवर माझ्या तासाला एक शब्द बोलला नव्हता, तो उभा राहिला आणि बोलतच सुटला. मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, भरतीचं पाणी आत घेतात, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत जातात, वाफा रुंद आणि उथळ असावा लागतो, ऊन कडक आणि वारा कोरडा असेल तर मीठ लवकर धरतं, हवा दमट असेल तर दिवस वाया, आणि अवेळी पाऊस आला तर सगळं गेलं. पृष्ठभाग, तापमान, वारा, आर्द्रता, पुस्तकातले चारही मुद्दे त्याने सांगितले, वर क्षार घट्ट होत जातात तेही सांगितलं जे मी त्या दिवशी शिकवणारही नव्हते! नंतरच्या टेस्टमध्ये हाच प्रश्न आला आणि त्याच्या पेपरात ती जागा कोरी. मी तो पेपर हातात घेऊन बराच वेळ बसले होते. त्याला शून्य देताना आपण नक्की काय तपासतोय? सायन्स तर नक्कीच नाही.

त्याच लेसनवर मला रिमार्क मिळाला की वर्गात फक्त इंग्लिश वापरा. रिमार्क देणाऱ्यांचा दोष मी धरत नाही, त्यांच्यावर पोर्शन संपवायचं प्रेशर असतं आणि बोर्डाचा पेपर शेवटी इंग्लिशमध्येच लिहायचा असतो. पण राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मधलं कलम 4.11 काय सांगतं? घरची भाषा वेगळी असेल तर टीचरांनी द्विभाषिक पद्धत वापरावी, तसं साहित्यही असावं. म्हणजे जे धोरण आपण लागू केलंय त्यातच हे आहे, फक्त वर्गापर्यंत पोचलेलं नाही.

मीडियमचा जुना वाद मला उकरून काढायचा नाही. पालकांना इंग्लिश हवंय, मुलांनाही हवंय, आणि ते यायलाच पाहिजे. माझी मागणी छोटी आहे, खात्याने एक स्पष्ट सर्क्युलर काढावं की सायन्स, गणित आणि सोशल सायन्सच्या तासाला टीचर मराठी-कोंकणीतून समजावू शकतात, मूल प्रश्न आणि तोंडी उत्तर घरच्या भाषेत देऊ शकतं, आणि इंटर्नल मार्कांत ते धरलं जाईल. लेखी इंग्लिश त्याच्यावरच हळूहळू उभं करता येतं. आज काही टीचर हे करतातच, पण दार लोटून, कोणी बघेल या भीतीने.

आणि साहित्य कोण तयार करणार, तर आम्ही आहोत ना. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये 20 आठवडे इंटर्नशिप असते, प्रत्येक बॅच ढीगभर लेसन प्लॅन लिहिते आणि मार्क मिळाले की ते कपाटात जातात. त्यातलेच काही द्विभाषिक करून घ्या, पर्वरीच्या एससीईआरटीने (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने) तपासावेत आणि सगळ्या शाळांना पाठवावेत. मीठ, खाजन (बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन), चिरेखाणी, काजूची भट्टी, आमच्याकडे उदाहरणं कमी नाहीत. सुरुवात पाचवी आणि नववीपासून करा, कारण पाचवीला मूल गप्प होतं आणि नववीनंतर त्याला बोलतं करायला वेळच उरत नाही.

पुढचं वर्ष सुरू व्हायच्या आत हे सर्क्युलर निघावं ही कळकळीची विनंती. पहिले द्विभाषिक लेसन लिहायला मी आणि माझ्या वर्गातल्या मैत्रिणी तयार आहोत.

आपली नम्र,
बी.एड.ची एक विद्यार्थिनी, पेडणे