फॉर्म पाठवण्याआधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "बाबा, पेन्सिल्व्हेनियाचा मतदार नोंदणीचा फॉर्म भरतोय. पक्षाच्या रकान्यात 'नन' टाकतोय, म्हणजे कुठलाच पक्ष नाही. दोन्ही पक्ष सारखेच, दोन्हीकडचा चिखल नको." तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू झाली आणि माझं म्हणणं तोंडातच राहिलं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून हे पत्र.

आधी माझी फजिती ऐक. आईला ठाऊक आहे, तुला आजवर सांगितली नव्हती. २०१२ साली मी अमेरिकेचा नागरिक झालो. शपथ घेऊन हॉलबाहेर आलो आणि हातात छोटा झेंडा धरूनच तिथल्या टेबलावर मतदार नोंदणीचा फॉर्म भरला. पक्षांच्या यादीत पहिलंच नाव दिसलं, 'अमेरिकन इंडिपेंडंट'. म्हटलं, झकास! मी आता अमेरिकन आहे, आणि इंडिपेंडंट तर आहेच. केली फुली. कुठल्याच पक्षाचं नसणाऱ्यांचा चौकोन यादीच्या खाली वेगळा होता, तिथवर नजर गेलीच नाही.

२०१६च्या जूनमधल्या प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीची, मतपत्रिका टपालानं घरी आली, तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या रकान्यात टीव्हीवर महिनोन्‌महिने ऐकलेलं एकही नाव नाही. मला वाटलं छपाईची चूक. मग शोधाशोध केली. अमेरिकन इंडिपेंडंट हा रीतसर पक्ष निघाला, १९६७मध्ये स्थापन झालेला, आणि १९६८ला जॉर्ज वॉलेस त्याच्या तिकिटावर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. तेच ते, अलाबामात काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याचा जाहीर पुरस्कार करणारे. आणि त्यांच्या पक्षाच्या यादीत चार वर्षं तुझ्या बापाचं नाव! आई त्या दिवशी जी हसली, ती अजून मधूनमधून हसते. माझं एकच समाधान, त्या वर्षी 'लॉस एंजेलिस टाइम्स'नं या पक्षाच्या मतदारांची पाहणी केली, तर चारांतल्या जवळजवळ तिघांना आपण पक्षात आहोत हेच माहीत नव्हतं. दुरुस्तीची मुदत तेवढ्यात टळून गेली होती. चूक माझीच, कुणाला बोल लावणार? पण ज्या मतासाठी चार वर्षं थांबलो होतो ते हुकलं.

तुझा 'नन' माझ्यासारखा चुकून पडलेला नाही, विचार करून टाकतोयस, हे मान्य. पण त्या चौकोनाचा अर्थ राज्याराज्यांत बदलतो, आणि तू मोठा झालास कॅलिफोर्नियात. इथं २०१२पासून गव्हर्नर, सेनेटर, आमदार या जागांची प्रायमरी सगळ्यांची एकच असते. कोणीही कोणालाही मत द्यावं आणि पहिले दोघं नोव्हेंबरला समोरासमोर, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. २०१६ला सेनेटसाठी शेवटी कमला हॅरिस आणि लोरेटा सँचेझ या दोघी डेमोक्रॅटच उरल्या होत्या, आणि रिपब्लिकन मतदारांनाही त्यातूनच निवडावं लागलं. इथं पक्षाचा रकाना रिकामा ठेवून फारसं बिघडत नाही, राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी सोडली तर.

तुझ्या फिलाडेल्फियात बिघडतं. पेन्सिल्व्हेनियाची प्रायमरी बंद आहे, म्हणजे ज्याचं नाव ज्या पक्षात त्यालाच त्या पक्षाचा उमेदवार निवडता येतो. 'नन'वाल्याला त्या दिवशी जनतेपुढे एखादा प्रश्न ठेवलेला असेल किंवा पोटनिवडणूक असेल तर तेवढ्यापुरतं मत देता येतं, बाकी घरी बसायचं. आणि फिलाडेल्फियात १९५२पासून प्रत्येक महापौर डेमोक्रॅट आहे. म्हणजे नोव्हेंबरची निवडणूक हा नुसता उपचार, खरा निकाल मे महिन्यातच लागतो. २०२३मध्ये शेरेल पार्कर यांनी महापौरपदाची प्रायमरी जिंकली ती साधारण एक तृतीयांश मतांवर, कारण रिंगणात बरेच जण होते. त्यांच्या मागच्या दोघींमध्ये आणि त्यांच्यात शहर कसं चालवावं याबद्दल चांगलाच फरक होता. तुझा कचरा कधी उचलला जाणार, तुझ्या रस्त्यावर पोलीस किती दिसणार, हे तिथं ठरलं. तू त्या वर्षी तिथं असतास आणि रकान्यात 'नन' असता, तर तुला कोणी विचारलंही नसतं.

यातलाच एक पेच मला जास्त खुपतो. प्रायमरीला मुळात कमी लोक येतात, आणि येतात ते पक्के, कडवे. उमेदवाराला आधी त्यांना खूश करावं लागतं. काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, बहुतेक जागा अशा आहेत की नोव्हेंबरला कोणता पक्ष येणार हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे तिथल्या माणसाला समोरच्या पक्षाची भीती नसते, भीती असते ती आपल्याच पक्षातून कोणी जास्त कडवा उभा राहण्याची. मग तो तडजोड कशाला करील? आणि या सगळ्याला कंटाळलेले तुझ्यासारखे लोक 'चिखल नको' म्हणून बाहेर पडतात, तेव्हा आत उरतात ते आणखी कडवे. चिखल काही कमी होत नाही.

अलास्कानं यावर उपाय काढला. २०२०मध्ये लोकांनीच मत देऊन सगळ्यांची एक प्रायमरी, त्यातून चौघं पुढे आणि मग पसंतीक्रमानं मतदान, अशी पद्धत आणली. २०२४ला ती मोडीत काढायचा प्रयत्न हजाराहून कमी मतांनी फसला. त्याच वर्षी आणखी काही राज्यांत तसलेच प्रस्ताव आले आणि पडले. तेव्हा नियम बदलायची वाट बघत बसू नकोस.

माझा सल्ला आईला पटलेला नाही, तरी सांगतो. जिथं निकाल लागतो त्या प्रायमरीत जाता येईल असा पक्ष रकान्यात लिही. वर्गणी नाही, शपथ नाही, नोव्हेंबरला हवं त्याला मत द्यायला तू मोकळाच. आईचं म्हणणं, "ज्या पक्षावर विश्वास नाही त्याचा उमेदवार ठरवायला हा कोण?" आणि ती अगदीच चुकीची नाही. २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कॅलिफोर्नियाची तेव्हाची खुली पद्धत याच मुद्द्यावर रद्द केली होती, की पक्षाचा उमेदवार परक्यांनी का ठरवावा. पण ज्या शहरात एकाच पक्षाची प्रायमरी म्हणजेच निवडणूक, तिथं परका कोण आणि आपला कोण? आमचा वाद अजून मिटलेला नाही. तू दोघांचं ऐकून ठरव.

आता 'दोन्ही सारखेच' याबद्दल. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या २०२३च्या आकड्यांत ४३ टक्के अमेरिकन स्वतःला इंडिपेंडंट म्हणवतात, दोन्ही पक्षांपेक्षा जास्त. ऐकायला भारदस्त वाटतं. पण प्यू या संशोधन संस्थेनं खोदून विचारलं की झुकता कुठे, तर २०१९च्या तिच्या अहवालात खरोखर कुठेच न झुकणारे ७ टक्के निघाले. बाकीचे बहुतेक वेळा एकाच बाजूला मत देतात, फक्त नाव घ्यायला लाजतात. आपल्या मराठीत उमेदवार अपक्ष असतो, मतदाराला असा शब्दच नाही. आहे तो 'कुंपणावरचा', आणि तो काही कौतुकाचा नाही.

माझंच बघ. सुधीरकाका आणि मोहनकाका शुक्रवारी आपल्याकडे रमीला यायचे, तुला आठवतं. २०२०च्या निवडणुकीनंतर दोघांचं बोलणं बंद झालं. आता दोघंही येतात, पण वेगवेगळ्या शुक्रवारी. सुधीर आला की मी नकळत मोहनचे मुद्दे मांडतो, आणि मोहन आला की सुधीरचे. दोघांनाही मी शत्रुपक्षाचा वाटतो, आणि मला बरीच वर्षं या गोष्टीचा अभिमान होता. आई एकदा पत्ते आवरता आवरता म्हणाली, "पाहुणा बदलला की तुमची बाजू बदलते. याला तळ्यात-मळ्यात म्हणतात." मला राग आला होता. आता नाही येत.

तिची पद्धत वेगळी. मतपत्रिका आली की जेवणाच्या टेबलावर मतदार पुस्तिका उघडते आणि ज्या बाजूला तिचा कल नाही तिचा युक्तिवाद आधी वाचते, पेन्सिलीनं खुणा करत. २०२४ला राज्याचे दहा प्रस्ताव होते, तिला दोन संध्याकाळी लागल्या. दोन ठिकाणी तिचं मत बदललं. त्यातल्या एकावर आमची मतं परस्परविरोधी पडली आणि हिशेब शून्य झाला, तरी टपालपेटीपर्यंत दोघं सोबतच गेलो.

आणि हे करणारी ती एकटी नाही. तुझ्या नव्या राज्यात २०१९पर्यंत मतपत्रिकेवर एकच खूण करून अख्ख्या पक्षाला मत देता यायचं. तो पर्याय कायद्यानं काढला. २०२०ला लोकांना प्रत्येक पदाची वेगळी खूण करावी लागली. त्या निवडणुकीत तिथं राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट बायडन सुमारे ८० हजार मतांनी पुढे राहिले, अ‍ॅटर्नी जनरल डेमोक्रॅट निवडून आला, आणि खजिनदार व ऑडिटर जनरल मात्र रिपब्लिकन. म्हणजे हजारो लोक खाली उतरत उतरत, एकेक नाव बघत गेले होते. त्यातल्या कितीजणांच्या रकान्यात कुठला पक्ष लिहिला होता, कोण जाणे. मला ते लोक आवडतात.

पक्ष बदलायचा झाला तर तुमच्याकडे प्रायमरीच्या पंधरा दिवस आधीपर्यंत बदलता येतो, तेव्हा आज काहीही लिहिलंस तरी दगडावरची रेघ नाही. फक्त पाठवण्याआधी फॉर्मचा फोटो मला टाक. नको, आईला टाक. चौकोन तिला नीट दिसतात.

तुझा,
बाबा